दुसऱ्याच्या डब्यातली गोळी



या वेळचा घर-अभ्यासाचा पाठ लिहायची सेवा माझ्याकडे आली. विषय दिला होता ‘विद्यार्थी आणि आरोग्य’. मी आधी भिजवलेले बदाम, वेळेवर झोप, सूर्यनमस्कार असं सगळं लिहून ठेवलं होतं. मग वाटलं, हे तर सगळ्यांना पाठ आहे. आणि आपल्याच घरात जे घडलं ते झाकून ठेवून दुसऱ्यांना बदाम सांगायचे, हे काही मनाला पटेना. म्हणून ते पान बाजूला ठेवून हे लिहिते आहे. ज्या मुलाबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचायला दिलं होतं. त्याने दोन ओळी काढायला लावल्या, बाकीचं राहू दे म्हणाला.

आमचं डिंडोलीला एकत्र कुटुंब. धाकट्या जावेचा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे एका जागी बसवत नाही, लक्ष टिकत नाही, सांगितलेलं अर्ध्यात सुटतं. आम्ही पहिली तीन वर्षं त्याला ‘वांड’ म्हणण्यात घालवली, तो भाग वेगळा. मुलांच्या डॉक्टरांनी नीट तपासून, शाळेतल्या बाईंशी बोलून, त्याला रोज सकाळी एक गोळी सुरू केली. औषधाचं नाव मिथाइलफेनिडेट. त्याच घरात नणंदेचा मुलगा अमळनेरहून येऊन राहिलेला. बारावी झाली, एक वर्ष थांबून नीटचा क्लास लावलेला. मला मामी म्हणतो, पण माझ्या स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त बोलतो माझ्याशी.

फेब्रुवारीत हा भाचा रात्र रात्र जागायला लागला. दोन वाजता पाणी प्यायला उठावं तर याच्या खोलीत दिवा. जेवण एकदम कमी. मी साजूक तुपातला शिरा करून ठेवायची, तो सकाळी तसाच. आणि मी काय करत होते? आल्यागेल्याला कौतुकाने सांगत होते, की पोरगं अभ्यासाला लागलंय, भूक-झोप विसरलंय. आपल्या गुरुवारच्या सत्संगात चार बायांसमोर मी हे सांगितलेलं आहे, तुमच्यापैकी काहींना आठवतही असेल.

उघडकीला आलं ते एका कागदामुळे. हे औषध आपल्या कायद्यात ‘शेड्यूल एक्स’ या यादीत आहे. डॉक्टर चिठ्ठीच्या दोन प्रती देतात, एक प्रत मेडिकलवाला दोन वर्षं स्वतःकडे ठेवतो, आणि हे औषध त्याला कुलपात ठेवावं लागतं. जाऊबाईने एक तारखेला तीस गोळ्या आणल्या होत्या. वीस तारखेला सकाळी डबा उघडला तर रिकामा. ती मेडिकलमध्ये गेली, त्याने हात जोडले, म्हणाला नवीन चिठ्ठी आणा. डॉक्टरांकडे गेली तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “एकोणीस दिवसांत तीस गोळ्या? बाकीच्या अकरा कुठे गेल्या?”

घरी येऊन ती रडायला लागली. तिला वाटलं आपल्याच हातून पोराला दोन-दोन गोळ्या दिल्या गेल्या की काय. मी मात्र त्या क्षणी वरच्या खोलीकडे बघितलं.

गच्चीवर कपडे वाळत घालताना मी त्याला विचारलं. ओरडले नाही. म्हणजे ओरडायचं फार मनात होतं, पण नणंदेचा मुलगा आहे, आपल्या भरवशावर ठेवलाय, म्हणून जीभ आवरली. तो पाच मिनिटं चिमट्यांशी खेळत राहिला, मग म्हणाला, “मामी, क्लासमध्ये सगळे तिला अभ्यासाची गोळी म्हणतात. आपल्या घरात आहेच म्हटल्यावर घेतली.” पहिल्या रात्री एक घेतली, फार मस्त वाटलं. चौथ्या दिवशी तेवढं वाटेना, म्हणून दोन. वर कडक कॉफी. छाती धडधडायची, हात थरथरायचे, तोंडाला कोरड पडायची. पहाटे डोळे मिटले तरी झोप येत नसे. त्याच दिवशी त्याला दाखवायला नेलं. नाडी एकशेवीसच्या वर, बीपी दीडशेच्या पुढे. वय अठरा. लगेच ईसीजी काढला. तो ठीक निघाला, ही कृपा.

आता ही गोळी शरीरात करते काय, ते समजून घेऊ, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो.

आपल्या मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी रसायनं असतात. त्यातली दोन म्हणजे डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन. निरोप पोचला की पेशी ते रसायन परत शोषून घेते. मिथाइलफेनिडेट हे परत शोषणं अडवतं, म्हणून निरोप जास्त वेळ टिकून राहतो आणि जागेपणा, हुरूप वाढतो. पण नॉरॲड्रेनॅलिन हे फक्त डोक्यापुरतं काम करत नाही. हृदयाला जोरात पळ म्हणून सांगणारं आणि रक्तवाहिन्या आवळणारं रसायनही तेच. म्हणून डोकं जागं होतं तशीच नाडी वाढते, बीपी वाढतो, भूक मरते, झोप उडते. ही चारही कामं एकाच औषधाची आहेत, त्यातलं एक घेऊन बाकीची नको असं होत नाही.

गंमत म्हणजे या औषधाचं सगळ्यात प्रसिद्ध नाव रिटालिन, ते एका बाईच्या नावावरून पडलंय. स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन नावाच्या रसायनतज्ज्ञाने 1944 मध्ये हे तयार केलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरीट, लाडाचं रीटा. तिचा बीपी कमी असायचा, म्हणून टेनिस खेळायच्या आधी ती हे घ्यायची असं सांगतात. म्हणजे बीपी चढतो हा गुण पहिल्यापासून माहीत होता. कमी बीपीवाल्या रीटाला चाललं ते आमच्या भाच्याला का चालावं?

मग छोट्याला रोज देतात ते कसं चालतं? हा प्रश्न जाऊबाईने डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारला. ती म्हणाली, “इतकं भयंकर असेल तर मला माझ्या मुलाला द्यायचंच नाही.” त्याच आठवड्यात एका नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता, की डॉक्टर लहान मुलांना नशेच्या गोळ्या देतात, लगेच बंद करा. तो मेसेज आणि घरातलं हे प्रकरण, दोन्ही एकदम. तिचा निर्धार झालाच होता.

डॉक्टरांनी तिला बसवून सांगितलं. मुलाला सुरुवात सगळ्यात लहान डोसने केली. आधी हृदय तपासलं, घराण्यात कुणाला अचानक हृदयाचा त्रास झालाय का ते विचारलं. दर भेटीत वजन, उंची, बीपी बघतात. भूक कमी होते म्हणून गोळी नाश्त्यानंतर देतात. ज्याला खरा आजार आहे त्याला यामुळे शाळा, मित्र, रस्ता ओलांडताना सावधपणा, सगळ्यात मदत होते. आणि देखरेखीखाली घेतलेल्या औषधामुळे अशा मुलांना पुढे व्यसन लागायचा धोका वाढतो असं संशोधनात दिसलेलं नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं: याच प्रकारच्या औषधाने निरोगी माणसालाही जागं आणि उत्साही वाटतंच, त्यामुळे ‘मला बरं वाटलं म्हणजे मलाही तो आजार असणार’ हा हिशोब चुकीचा. क्लासमधली मुलं हाच हिशोब लावतात.

तर ताईंनो, हा पाठ वाचून कुणीही आपल्या मुलाचं चालू औषध बंद करू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. माझ्या लिहिण्याने एखाद्या मुलाची गोळी बंद झाली तर ते माझ्याच माथी येईल.

आता भाच्याच्या अभ्यासाचं काय झालं? हे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. त्या दोन आठवड्यांत त्याने जीवशास्त्राच्या एकाच धड्याच्या चार रंगांत नोट्स काढल्या. इतक्या सुंदर, की फ्रेम करून लावाव्यात. आणि त्या पंधरवड्याच्या टेस्टमध्ये त्याचे मार्क कमी झाले. तो म्हणाला, “मला वाटत होतं मी खूप करतोय.”

2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या लोकांनी नेमकं हेच तपासलं. 40 निरोगी तरुण माणसं घेतली. त्यांना कधी मिथाइलफेनिडेट, कधी मोडाफिनिल, कधी डेक्सॲम्फेटामिन, आणि कधी नुसती औषध नसलेली गोळी दिली. मग एक कोडं घातलं: पिशवीत अमुकच वजन मावतं, समोर निरनिराळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तू आहेत, जास्तीत जास्त किंमत पिशवीत कशी भराल? बाजारात आपण रोज करतो तसंच. औषध घेतलेल्या लोकांनी जास्त वेळ घेतला, जास्त उलथापालथ केली, मेहनत भरपूर केली, पण पिशवी भरण्याचा दर्जा घसरला. विशेष म्हणजे औषधाशिवाय जे चांगलं करत होते, त्यांच्यातले बरेचसे औषधाने सरासरीच्याही खाली गेले.

हे मी आमच्या यांना वाचून दाखवलं. यांची तीस वर्षं लूमच्या खात्यात गेली. ते लगेच म्हणाले, “हे तर लूमचं आहे.” लूमवर धागा तुटला की यंत्र आपोआप थांबतं, तशी सोय असते. कारागिराला मीटरवर पैसे. मग कुणी शहाणा ती थांबवणारी पट्टीच बांधून ठेवतो. लूम थांबत नाही, खडखड चालू राहते, पाळी संपेपर्यंत मीटर भरपूर दिसतात. आणि ताका उलगडला की कापडात ही लांबच लांब फट. थकवा ही आपली थांबवणारी पट्टी आहे. गोळी धागा जोडत नाही, ती पट्टी बांधते. यांनी बोलता बोलता सांगितलं, मला मात्र सगळ्या वैद्यकीय लेखांपेक्षा हे जास्त समजलं.

ही पट्टी बांधायचा उद्योग जगाने मोठ्या प्रमाणावर करून बघितलेला आहे. जर्मनीत 1938 मध्ये परविटिन नावाने मेथॲम्फेटामिनची गोळी बाजारात आली आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना न झोपता चालण्यासाठी दिली गेली. जपानमध्येही तसंच औषध वापरलं, आणि युद्धानंतर उरलेला साठा लोकांमध्ये पसरून इतकं व्यसन वाढलं की 1951 मध्ये तिथे वेगळा कायदा करावा लागला. सैनिकांच्या कामाला आली म्हणून गोळी घराघरांत गेली. आज ती परीक्षेच्या नावाने येते.

आता दुसऱ्या एका प्रकाराकडे येते, कारण आपल्या ग्रुपमध्ये सगळेच डॉक्टरकीच्या मागे नाहीत. लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली इथली कितीतरी मुलं पहाटे चारला उठून भरतीसाठी धावतात. गुजरात लोकरक्षक भरतीत मुलांना 25 मिनिटांत 5 किलोमीटर, महाराष्ट्र पोलीस भरतीत 1600 मीटर. आणि बरीचशी जिमला जातात. या मुलांमध्ये गोळीऐवजी इंजेक्शन फिरतं. त्याचं नाव मेफेंटरमाइन. पुण्यात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांत जिममधल्या तरुणांना हे बेकायदा विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आल्या आहेत. आपली माणसं सुट्टीला तिकडे जातात, तिकडची इकडे येतात. ताप्ती लाइनच्या गाडीतून शिदोरी येते तशी सवयही येते.

या इंजेक्शनचं खरं काम काय, ते आपल्यापैकी काही जणींनी स्वतः अनुभवलेलं असेल, माहीत नसेल इतकंच. सिझेरियनसाठी कमरेतून भूल देतात तेव्हा कधी कधी बाईचा बीपी एकदम खाली जातो. तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे औषध शिरेतून देतात. शेजारी मॉनिटर चालू असतो, डॉक्टरांचा हात नाडीवर असतो, मोजून थोडंसं देतात. आता हेच औषध बीपी अगदी ठीक असलेल्या, धावून धावून आधीच हृदय जोरात चालत असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला जिमच्या बाथरूममध्ये अंदाजाने टोचलं तर काय होईल? बीपी एकदम उसळतो. हृदयाची लय बिघडू शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आतून जोर आल्यासारखं वाटतं, तो जोर स्नायूंचा नसतो. काही दिवसांत त्याशिवाय व्यायामच नको वाटतो, डोस वाढत जातो. संशय येणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, कानात आवाज येणं इथपर्यंत जाऊ शकतं. वर एकच सुई दोघा-तिघांनी वापरली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची भीती, आणि टोचलेल्या जागी गळू होतं ते वेगळंच. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्था वाडाच्या बंदी यादीत मेफेंटरमाइनचं नाव आहे, म्हणजे खेळाडू मुलाचं करिअरही त्यात जातं.

आणि यात ऊन मिसळलं की फार वाईट. 13 जुलै 1967 ला टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत टॉम सिम्पसन नावाचा इंग्रज खेळाडू माँ वाँतू डोंगर चढताना कोसळला. वय 29. भर उन्हाळा. तो एकदा पडला, परत सायकलवर चढला, थोडं पुढे जाऊन परत पडला आणि गेला. त्याच्या रक्तात ॲम्फेटामिन आणि दारू सापडली, खिशात गोळ्यांच्या नळ्या सापडल्या. एरवी शरीराने त्याला आधीच खाली बसवलं असतं. उत्तेजक औषधाने शरीराचं तापमान वाढतं आणि थांबायची जाणीव मात्र बोथट होते. आपल्या सुरतच्या एप्रिल-मेच्या दमट उन्हात धावणाऱ्या मुलाच्या आईने हे डोळ्यांसमोर आणावं.

मोडाफिनिलबद्दल थोडक्यात. ही गोळी खरी दिली जाते ती दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारात. रात्रपाळीचे, ऑनलाइन ट्रेडिंगवाले, सीएची मुलं ती ‘साधी’ समजून घेतात. ती शरीरातून फार हळू जाते, सकाळी घेतली तरी रात्री जवळपास निम्मी रक्तात असते. क्वचित एखाद्याला अंगभर फोड येऊन कातडी सोलून निघण्याइतकी गंभीर ॲलर्जी होते, म्हणून पुरळ दिसलं की लगेच डॉक्टर गाठावा. आणि लग्न झालेल्या मुलींनी हे लक्षात ठेवा: या औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि गरोदरपणात घेतलं गेलं तर बाळाला व्यंगाचा धोका असतो. ही गोष्ट क्लासमधला मित्र सांगत नाही.

आपल्या सत्संगी घरांत एक अडचण आहे, ती बोलून दाखवते. आपल्याकडे तंबाखू नाही, दारू नाही, कित्येकांनी चहासुद्धा सोडलाय. त्यामुळे आपण निर्धास्त. सुरत पोलिसांची ‘नो ड्रग्ज इन सुरत सिटी’ मोहीम बघितली की आपल्या डोळ्यांसमोर एमडीची पुडी येते, गल्लीच्या टोकाला उभा असलेला कुणी परका माणूस येतो. पण माझ्या भाच्याला कुणी परका भेटला नाही. त्याने आपल्याच फ्रिजवरचा डबा उघडला. त्याच्या मनात व्यसनाचा विचारही नव्हता, कारण स्ट्रिपवर कंपनीचं नाव, तारीख, किंमत सगळं छापलेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे 2023 मध्ये अशा सगळ्या औषधांवरचा इशारा आणखी कडक केला, तेव्हा त्यांनीही हेच लिहिलं, की गैरवापर करणाऱ्या बहुतेकांना हे औषध घरच्यांकडून किंवा मित्रांकडूनच मिळतं.

घरात कशावरून ओळखायचं? एकेक गोष्ट सुटी बघितली तर परीक्षेच्या दिवसांत सगळ्याच मुलांत दिसते. झोप नाही, जेवण नाही, चिडचिड. मी तशीच फसले. पण रात्रभर जागूनही सकाळी डोळे टक्क उघडे, वजन दिसण्याइतकं उतरलेलं, हात थरथरतायत, एकच काम तासन्‌तास, आणि मग मध्येच एखादा दिवस मेल्यासारखी झोप आणि रडका चेहरा, असं चक्र दिसलं तर विचारा. एनर्जी ड्रिंक, कडक कॉफी यांनी त्रास दुप्पट होतो. सर्दीच्या काही गोळ्यांतही बीपी वाढवणारी द्रव्यं असतात. नैराश्याच्या काही औषधांबरोबर तर ही गोळी जिवावर बेतू शकते. म्हणून काय काय घेतलं ते सगळं डॉक्टरांना सांगायला हवं.

छातीत दुखणं, श्वास लागणं, अंग भट्टीसारखं तापणं, असंबद्ध बोलणं, फिट येणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काही झालं तर लिंबू-मीठ उतरवत बसू नका, लगेच 108 ला फोन. गाडी येईपर्यंत सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, पंखा लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. आणि रिकामी स्ट्रिप किंवा बाटली सोबत घेऊन जा. समाज काय म्हणेल म्हणून औषधाचं नाव लपवलं, तर डॉक्टर अंधारात उपचार करतील.

औषध थांबवल्यावरचे दिवसही सोपे नसतात. आमचा भाचा दोन दिवस झोपला, पुढचे आठ दिवस त्याला कशातच रस नव्हता. “मी काहीच करू शकत नाही मामी” असं तो दिवसातून तीनदा म्हणायचा. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की या काळात एकटं सोडू नका, मरणाचं बोलणं निघालं तर हसण्यावारी नेऊ नका. यांनी त्याच्या खोलीत गादी टाकली आणि आठ रात्री तिथेच झोपले. घोरण्याने पोरगं आणखी जागं राहिलं असेल, पण एकटं नव्हतं. जे खूप महिने घेतायत, त्यांनी तर स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं. आपल्याकडे मजुरा गेटचं न्यू सिव्हिल आणि उमरवाड्याचं स्मीमेर, दोन्हीकडे मानसिक आजारांचा विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस 14416, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि व्यसनमुक्तीसाठी सरकारची हेल्पलाइन 14446. दोन्ही फुकट आहेत. उपचाराला जाणं म्हणजे पोलिसात जाणं नव्हे, ही भीती मनातून काढा.

नणंदेला कळवायचं की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी भाच्यानेच फोन लावला, मी शेजारी बसले. पलीकडून आधी शांतता, मग रडणं, मग शिव्या, मग “जेवलास का?” त्यानंतर ती पहिल्या गाडीने आली आणि पंधरा दिवस राहिली. त्याने आता क्लास बदललाय. रात्री अकराला दिवा बंद करतो. मी त्याच्या झोपेचं कौतुक करायला शिकते आहे, तोंडात अजून जुनंच वाक्य येतं.

जाऊबाईने छोट्याचा डबा तिच्या कपाटात कुलपात ठेवलाय आणि दर रविवारी गोळ्या मोजून कॅलेंडरवर आकडा लिहिते. छोटा स्वतः मोजतो, त्याला ते काम फार आवडतं.

या आठवड्यात घरी बसून एवढं करा: घरात कुणाकुणाची चिठ्ठीवरची औषधं आहेत, ती कुठे ठेवली आहेत आणि किती उरली आहेत, हे सगळ्यांसमोर बघा. जुनी, उरलेली औषधं असतील तर मेडिकलवाल्याला विचारून त्यांची विल्हेवाट लावा. आणि मुलांना एकच प्रश्न विचारा, “तुझ्या क्लासमध्ये, जिममध्ये कोण काय घेतं?” स्वतःबद्दल ती बोलणार नाहीत, दुसऱ्याबद्दल बोलतील. तेवढ्यातून बरंच कळतं.

कुणाला काही विचारायचं असेल तर मला वेगळा मेसेज करा, ग्रुपवर मुलांची नावं लिहू नका. गुरुवारी सत्संगानंतर मी अर्धा तास मागे थांबणार आहे.

जय सद्गुरू.